धुंडिराज गोविंद फाळके : एका फोटोग्राफरचें चरित्र

मिरकरवाड्यांतील एखाद्या जुन्या घरांत पाऊल टाकावें, तर समोरच्या भिंतीवर निदान एक तरी लग्नाचा फोटो टांगलेला आढळतो. नवरामुलगा खुर्चीवर ताठ बसलेला, नवरी शेजारीं उभी, आणि पाठीमागें रंगविलेला पडदा. खाऱ्या वाऱ्यानें व पावसाळी दमटपणानें फोटोच्या कडा पिवळ्या पडलेल्या असतात. कोठें कोठें तर चेहराच पुसट झालेला असतो. तरी तो फोटो भिंतीवरून कोणी उतरवीत नाहीं. समुद्रावर गेलेला माणूस परत आला नाहीं, तर त्याचें म्हणून घरांत पुष्कळदां एवढेंच उरतें.

आज ज्याच्या त्याच्या खिशांत फोन आहे आणि क्षणाक्षणाला फोटो निघत आहेत. त्यामुळें, जे लोक तिपाईवर कॅमेरा ठेवून, डोक्यावर काळें कापड ओढून हे जुने फोटो काढीत, त्यांच्या कष्टांची कल्पना आपल्या मुलांस येत नाहीं. अशाच एका गृहस्थाची हकीकत येथें सांगावयाची आहे. त्यांचें नांव सर्वांस ठाऊक आहे, परंतु तें निराळ्या कारणानें. दादासाहेब फाळके म्हटले कीं हिंदी चित्रपटसृष्टीचे जनक एवढेंच आपण जाणतों. त्यापूर्वीं ते गृहस्थांचे व कुटुंबांचे फोटो काढून पोट भरूं पाहत होते, आणि त्या धंद्यांत त्यांस यश आलें नव्हतें, ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाहीं.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म नाशिकजवळ त्र्यंबकेश्वर येथें ३० एप्रिल १८७० रोजीं झाला. वडील संस्कृतचे व्युत्पन्न शास्त्री होते. मुलानेंही तीच परंपरा चालवावी असें त्यांस वाटणें साहजिक होतें. परंतु मुलाचा ओढा चित्रकलेकडे. वडिलांस मुंबईस अध्यापकाची जागा मिळाली आणि कुटुंब तेथें आलें, तेव्हां धुंडिराज १८८५ सालीं जे. जे. कलाशाळेंत दाखल झाले. तेथून ते बडोद्यास थोरल्या बंधूंकडे गेले. सयाजीराव महाराजांच्या आश्रयानें १८९० सालीं तेथें कलाभवन निघालें होतें व प्रोफेसर त्रिभुवनदास गज्जर हे त्याचे मुख्य होते. रसायनशास्त्राच्या या जाणत्या अध्यापकानें फाळक्यांची हौस ओळखली आणि कलाभवनांतील फोटोची खोली व प्रयोगशाळा त्यांस वापरूं दिली. चित्रकला, फोटोग्राफी, ठसे तयार करण्याची विद्या, साऱ्याच गोष्टींत त्यांनीं हात घातला. एक कांहीं नीट धरावें आणि सोडूं नये हा व्यवहारी लोकांचा उपदेश त्यांस कधींच मानवला नाहीं.

१८९५ च्या सुमारास त्यांनीं गुजराथेंत गोध्रा येथें फोटोग्राफीचें दुकान थाटलें. त्या काळचा फोटोग्राफर म्हणजे चार धंद्यांचा एक धनी. पाठीमागचा पडदा रंगविणारा चितारी तोच, काचेवरील चित्र औषधांत धुऊन काढणारा रसायनी तोच, आणि रडणाऱ्या पोरास चिमणी दाखवून गप्प करणाराही तोच. फिल्म सर्रास वापरांत नव्हती. औषध चढविलेल्या काचा वापराव्या लागत. त्या जड असत, हातांतून निसटल्या तर फुटत, आणि उजेडाचा एक कवडसा लागला तरी वायां जात. विजेचे दिवे नसल्यामुळें सारी भिस्त सूर्यावर. म्हणून लग्नाचा फोटो मांडवांत विधि चालू असतां सहसा निघत नसे. दुसरे दिवशीं वधूवरांस व वऱ्हाडास उजेडांत अंगणांत बसवून तो काढीत. झांकण उघडून मिटेपर्यंत कोणी हालतां कामा नये. वीस माणसांत एकानें मान वळविली कीं त्याच्या खांद्यावर धुक्याचा गोळा उमटे. फोटोंतील आपले आजेपणजे इतके गंभीर कां दिसतात याचें कारण पुष्कळ अंशीं हेंच आहे. ते स्वभावानें रागीट होते असें मुलांनीं समजूं नये.

पुढें रात्रीं तांबड्या दिव्याच्या अंधाऱ्या खोलींत ती काच धुवावयाची. काचेवर काळें तें पांढरें व पांढरें तें काळें उमटतें. ती वाळवून, शिसपेन्सिलीनें चेहऱ्यावरचे डाग झांकून, औषधी कागदावर ठेवून उन्हांत धरली म्हणजे खरी प्रत निघे. तीही पुन्हां धुवावी लागे, आणि धुण्यांत कसूर झाल्यास कांहीं वर्षांत फोटो पिवळा पडे. एवढ्या खटाटोपानंतर गिऱ्हाईक म्हणे कीं हा मी नव्हेच. फोटोग्राफरनें हें हंसून ऐकून घ्यावें लागतें. हा त्या धंद्याचा नियमच आहे.

गोध्र्यांत जम बसतो न बसतो तोंच घाला पडला. १८९६ पासून मुंबई इलाख्यांत प्लेगनें थैमान मांडलें होतें. १९०० च्या सुमारास त्या साथींत फाळक्यांची पत्नी व मूल हीं दोघेंही गेलीं. तीस वर्षांचा हा तरुण एकटा उरला. त्यानें दुकान आवरलें आणि तो बडोद्यास परतला.

बडोद्यास त्यांनीं पुन्हां फोटोचाच धंदा मांडला, परंतु तेथें निराळीच अडचण उभी राहिली. कॅमेरा माणसाच्या अंगांतील शक्ति ओढून घेतो व फोटो काढविणारा लौकर मरतो, अशी समजूत लोकांत पसरली होती. एका राजपुत्रानेंही आयुष्य घटेल या भीतीनें फोटो काढूं देण्याचें प्रथम नाकारलें. फाळक्यांनीं दरबारांत फोटोग्राफीची बाजू मांडून त्याची समजूत घातली, पण त्यानें गिऱ्हाईक कांहीं वाढलें नाहीं. आज आपण या समजुतीस हंसतों. परंतु घरोघर प्लेगनें माणसें नेलीं होतीं, आणि मेलेल्या माणसाचा फोटोच तेवढा मागें राहिलेला लोक पाहत होते. तेव्हां त्यांनीं कारण व कार्य यांची गल्लत केली असल्यास मी तरी त्यांस फार दोष देणार नाहीं. ज्याच्या स्वतःच्या घरीं प्लेग येऊन गेला, त्यासच लोकांनीं मृत्यूचा दूत समजावें, हा प्रकार मात्र क्रूर होता.

धंदा बसल्यावर फाळके नाटकमंडळ्यांचे पडदे रंगवूं लागले. एका जर्मन जादूगाराकडून ते हातचलाखीचे खेळ शिकले, आणि आपल्या आडनांवाचीं अक्षरें उलटीं करून प्रोफेसर केल्फा या नांवानें जाहीर प्रयोगही करूं लागले. १९०२ सालीं त्यांचा दुसरा विवाह झाला. या पत्नी म्हणजे सरस्वतीबाई. त्यांचा उल्लेख पुढें वारंवार येईल. १९०३ सालीं फाळक्यांस सरकारी पुराणवस्तु खात्यांत फोटोग्राफर व नकाशे काढणारा म्हणून नोकरी लागली. पुढें ती सोडून त्यांनीं लोणावळ्यास छापखाना काढला. तेथें चित्रकार राजा रविवर्मा यांच्या छापखान्याचें काम चाले. मग छापखाना दादरास आला. तिरंगी छपाईचीं यंत्रें पाहण्यासाठीं १९०९ सालीं फाळके जर्मनीसही जाऊन आले. छपाई उत्तम होऊं लागली, पण भागीदारांशीं बिनसलें, आणि फाळके हात हालवीत बाहेर पडले. चाळिशी उलटलेली, घरीं मुलेंबाळें, उत्पन्न शून्य.

अशा रिकामपणीं १९१० किंवा १९११ सालीं त्यांनीं मुंबईंत गिरगांवांतील एका तंबूंत येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्तचरित्र चाललें असतां त्यांच्या मनश्चक्षूंपुढें राम व कृष्ण दिसूं लागले, आणि आपल्या देशांत असें कां होऊं नये या विचारानें त्यांस घेरलें. दुसऱ्या खेळास ते सरस्वतीबाईंस घेऊन गेले. पुढें रोज चारपांच तास चित्रपट पाहणें आणि रात्रीं जागून प्रयोग करणें, यामुळें त्यांची दृष्टि जवळजवळ गेली. नेत्रवैद्याच्या उपचारानें व चष्म्यांनीं ती परत आली. फोटोग्राफरचे डोळे जाणें म्हणजे काय, हें कोळ्याचा हात अधू होण्यावरून ताडावें.

पैसा कोणी देईना. मग फाळक्यांनीं आपली पुंजी एका कुंडींत पेरली. तिच्यांत वाटाण्याचा दाणा लावून, कॅमेरा तिच्यासमोर पक्का बसवून, ते दिवसांतून एक चित्र याप्रमाणें महिनाभर चित्रें घेत गेले. पडद्यावर तो दाणा एका मिनिटांत फुटला, वर आला आणि वेल झाला. युक्ति साधी होती, पण ती फोटोग्राफरासच सुचावी अशी. कुंडी न हालवितां, उजेड सारखा राखून, रोज त्याच जागीं उभें राहण्याची संवय त्यालाच असते. तें चित्र पाहून भांडवल देण्यास माणूस पुढें आला.

तत्पूर्वीं विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून फाळके १९१२ च्या फेब्रुवारींत लंडनला जाऊन आले होते. तेथें सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओंत त्यांनीं काम पाहिलें, व विल्यमसन कंपनीचा कॅमेरा, फिल्मला भोंकें पाडण्याचें यंत्र व कच्ची फिल्म मागविली. सामान आल्यावर पहिली परीक्षा घरच्या व शेजारच्या मुलांवर झाली. पुढें दादरच्या घरींच राजा हरिश्चंद्राचें काम सुरू झालें. सरस्वतीबाईंनीं साठसत्तर माणसांचा स्वयंपाक करावा, दिवसां उन्हांत पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडावा, आणि रात्रीं काळोखांत बसून फिल्मला भोंकें पाडावीं व ती धुवावी. त्यांचे दागिनेही या कामीं गहाण पडले. बायका कॅमेऱ्यापुढें येण्यास तयार नव्हत्या. म्हणून तारामतीचें काम एका उपाहारगृहांतील आचारी अण्णा साळुंके यांस दिलें. रोहिदास झाला फाळक्यांचा थोरला मुलगा भालचंद्र. चित्रण चालू असतां हा मुलगा खडकावर पडला, डोकें फुटलें आणि तो बेशुद्ध झाला. सांगतात कीं त्यास नाशिकास न्यावें असा लोकांचा आग्रह होता. परंतु प्रसंग रोहिदासाच्या मृत्यूचा असल्यामुळें, मलमपट्टी करून बापानें तो भाग तशाच बेशुद्ध मुलावर पुरा केला. प्लेगांत एक मूल गमावलेल्या माणसाचें हें वागणें मला अद्याप उलगडत नाहीं. आईच्या मनाची अवस्था कोणी लिहून ठेविलेली नाहीं.

३७०० फुटांचा हा मूकपट ३ मे १९१३ रोजीं गिरगांवांतील कॉरोनेशन नाट्यगृहांत लोकांपुढें आला आणि गर्दी लोटली. कांहीं वर्षांपूर्वीं फोटोस भिणारे लोक आतां पैसे देऊन हालत्या फोटोंपुढें बसले. त्यानंतर फाळके नाशिकास गेले. ‘मोहिनी भस्मासुर’ मध्यें दुर्गाबाई व कमलाबाई या मायलेकींनीं कामें केलीं व स्त्रियांस वाट मोकळी झाली. १९१७ च्या ‘लंकादहना’ंत अण्णा साळुंके एकटेच राम व सीता झाले. १९१८ सालीं हिंदुस्थान फिल्म कंपनी स्थापन झाली. पैसा आला, आणि मागोमाग भागीदारांशीं तंटेही आले. फाळके रागावून काशीस गेले, परत आले. १९३१ सालीं बोलपट आला. मुक्या चित्रांच्या या कारागिरास तें नवें युग मानवलें नाहीं. कोल्हापुरास केलेला १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा शेवटचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजीं नाशिक येथें त्यांचें निधन झालें. शेवटचे दिवस ओढग्रस्तीचेच होते. त्यांच्या नांवाचा मोठा पुरस्कार भारत सरकारनें पुढें १९६९ सालीं सुरू केला.

त्यांच्या कामापैकीं थोडेंच आज शिल्लक आहे. पुण्यास जे जुने चित्रपट जतन करून ठेविले आहेत, त्यांत १९१९ सालचा ‘कालिया मर्दन’ आहे. त्यांत कृष्ण झाली आहे फाळक्यांची सहासात वर्षांची मुलगी मंदाकिनी. कथेस आरंभ होण्यापूर्वीं पडद्यावर नुसता तिचा चेहरा येतो. ना मुकुट, ना मोरपीस. ती हंसते, रागावते, रडकुंडीस येते, पुन्हां हंसते. कॅमेरा मुळींच हालत नाहीं. त्यानंतर ती कृष्ण होते.