शस्त्र उचलण्यापूर्वी : हकीम अबुल कासिम अल-जहरावी (रह.)

सुज्ञ वाचकहो, आज रुग्ण भूल घेऊन डोळे मिटतो आणि जागा होतो तेव्हा शस्त्रक्रिया आटोपलेली असते. अल्लाहची ही नेमत फार जुनी नाही. इथरची भूल देऊन केलेली शस्त्रक्रिया बोस्टन शहरात जाहीरपणे दाखविली गेली ती १८४६ साली. त्याच्या साडेआठ शतके आधी, रुग्णाच्या किंकाळ्या ऐकतच शस्त्र चालवावे लागे, त्या काळातील एका हकिमाचे जीवन आपल्यापुढे ठेवीत आहे.

अबुल कासिम खलफ इब्न अब्बास अल-जहरावी यांचा जन्म इ. स. ९३६ च्या सुमारास अंदलूसमध्ये झाला. कुर्तुबाजवळील मदीनतुज्जहरा या राजनगरीवरून ते जहरावी म्हणविले गेले. वैद्यकसेवेत आयुष्य वेचून त्यांनी ‘किताबुत्तसरीफ’ हा तीस प्रकरणांचा ग्रंथ सिद्ध केला. त्याचे अखेरचे प्रकरण शस्त्रक्रियेचे आहे. त्यात डाग देणे, छेद घेणे व हाडे बसविणे असे तीन भाग असून सुमारे दोनशे उपकरणांच्या आकृत्या आहेत. गळू फोडताना पाते दिसून रुग्ण घाबरू नये, म्हणून बोटांमध्ये लपणारे शस्त्रही त्यांत आहे. वेदना टाळता येत नसली, तरी भय कमी करता येते, हे त्यांनी जाणले होते.

परंतु वाचकहो, त्यांचे खरे मोठेपण त्यांनी सांगितलेल्या अपयशांत आहे. शरीररचना न शिकता शस्त्र धरणाऱ्यांचे परिणाम त्यांनी निःसंकोचपणे नोंदविले. एका वैद्याने मानेवरची गाठ कापताना रक्तवाहिन्या छेदल्या आणि रुग्ण जागीच दगावला. दुसऱ्याने एका वृद्धाचा मोठा मूतखडा काढताना मूत्राशयाचा तुकडाही ओढून काढला. तो वृद्ध तिसऱ्या दिवसाच्या सुमारास मरण पावला. त्याआधी जहरावींनाही तेथे बोलाविले होते. खड्याचा आकार आणि रुग्णाची अवस्था पाहून तो वाचणार नाही, हे त्यांनी ओळखले होते.

ते भित्रे मात्र नव्हते. एका दासीने स्वतःच्या गळ्यात सुरी खुपसली होती. जखमेतून श्वास बाहेर पडत होता. मोठी रक्तवाहिनी तुटलेली नाही, हे पाहून त्यांनी जखम शिवली. ती बरी झाली. आवाज तेवढा घोगरा राहिला. म्हणजे कोठे हात घालावा आणि कोठे आवरावा, हा निर्णय धाडसाचा नव्हे, ज्ञानाचा होता.

आपल्या शिष्यांना त्यांनी बजावले, की काही शस्त्रक्रियांत सुरक्षितता असते, तर काहींत बहुधा धोका. लोभापायी धोक्यात उडी घेऊ नये आणि अल्लाह पाहत आहे, हे विसरू नये. ज्ञान नसताना उपचार करणाऱ्यावर नुकसानीची जबाबदारी येते, ही प्रेषितांची (स.) शिकवण आपणांस ठाऊक आहेच. जहरावींनी ती शस्त्राच्या टोकापर्यंत नेली.

इ. स. १०१३ च्या सुमारास ते अल्लाहला प्यारे झाले. बाराव्या शतकात तुलैतुला येथे क्रेमोनाच्या जेरार्डने त्यांचे शस्त्रक्रियेचे प्रकरण लॅटिनमध्ये आणले आणि युरोपातील शल्यविशारद कित्येक शतके त्यावरून शिकत राहिले.

वाचकहो, आपल्यापैकी प्रत्येकाच्या हाती कोणते ना कोणते शस्त्र आहे. कुणाच्या हाती लेखणी, कुणाच्या हाती फतवा, कुणाच्या हाती औषधाची बाटली. ज्या विषयाचे ज्ञान नाही, तेथे हात आवरणे हीदेखील अमानत आहे.