स्वामी रामानंद तीर्थ आणि उच्च शिक्षणाचे प्रयोजन

आपल्या समाजातील मुले शालान्त परीक्षा उत्तीर्ण झाली की पुढे शिकावे कशासाठी, हा प्रश्न घरोघरी निघतो. नोकरीसाठी, असे उत्तर बहुधा मिळते. ते खोटे नाही. परंतु तेवढेच पुरेसे आहे काय, हे ज्यांच्या चरित्रावरून पारखून पाहावे असे एक थोर पुरुष आपल्या बीड जिल्ह्यात शिक्षक होते.

व्यंकटेश खेडगीकर यांचा जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजी विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे झाला. असहकाराच्या चळवळीत त्यांनी सरकारी शाळा सोडली, पण विद्या सोडली नाही. अमळनेर येथे व पुढे पुण्यास टिळक महाराष्ट्र विद्यापीठात त्यांनी शिक्षण पुरे केले आणि लोकशाहीच्या विकासावर प्रबंध लिहिला. सरकारी नोकरीच्या बाजारात राष्ट्रीय विद्यापीठाच्या पदवीस फारसे मोल नव्हते, हे येथे ध्यानी घ्यावे.

हिप्परगे येथील राष्ट्रीय शाळेत ते मुख्याध्यापक झाले. १९३२ साली संन्यास घेऊन ते स्वामी रामानंद तीर्थ झाले आणि १९३५ साली अंबाजोगाईस आले. त्या काळी हे गाव सरकारदरबारी मोमिनाबाद म्हणून ओळखले जाई. संस्थानातील उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. मराठी घरातील मुलाला उच्च शिक्षण घ्यावयाचे तर परभाषेतून शिकावे, नाहीतर संस्थानाबाहेर जावे, अशी स्थिती होती. अशा दिवसांत योगेश्वरीच्या शाळेतून स्वामीजींनी मराठी मुले घडविली.

१९३८ साली शाळा सोडून ते स्वातंत्र्यलढ्यात उतरले व कारावासात गेले. त्याच वर्षी वंदे मातरम् गाण्याच्या हट्टापायी उस्मानियातून शेकडो विद्यार्थी काढून टाकले गेले. नागपूर विद्यापीठाने त्यांतील अनेकांना आश्रय दिला. स्वाभिमान राखूनही त्या मुलांनी विद्येचा मार्ग सोडला नाही, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले. त्यानंतर स्वामीजी पुन्हा शिक्षणकार्याकडे वळले; १९५० साली नांदेडचे पीपल्स कॉलेज उभे राहिले. २२ जानेवारी १९७२ रोजी ते निवर्तले. आज अंबाजोगाईचे वैद्यकीय महाविद्यालय व नांदेडचे विद्यापीठ त्यांचे नाव धारण करीत आहे.

पालकहो, मुलाने पदवीनंतर चार पैसे मिळवावेत, ही इच्छा रास्तच आहे. मात्र जी विद्या आपण घेतली ती मागून येणाऱ्यांच्या वाटेवर दिवा म्हणून ठेवावी, हेही त्याला घरीच शिकवावे. मुलींनाही हाच न्याय लावावा, हे सांगणे नलगे.