आल्फ्रेड बिने : मोजणाऱ्याचा संशय

बुद्ध्यंक हा शब्द आज घरोघरी ठाऊक आहे. मात्र ज्यांच्या चाचणीतून तो पुढे निघाला, त्या आल्फ्रेड बिने यांनी कोणत्याही मुलाच्या कपाळी असा आकडा लिहिला नव्हता.

बिने यांचा जन्म ८ जुलै १८५७ रोजी नीस येथे झाला. वडील डॉक्टर, आई चित्रकार. त्यांनी कायद्याची पदवी घेतली. पण वकिलीकडे पाठ फिरवून ते पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जाऊन बसले आणि मानसशास्त्र आपले आपणच शिकले. पुढे साल्पेत्रिएर रुग्णालयात विख्यात डॉक्टर शार्को यांच्या छत्राखाली त्यांचे संमोहनावरील प्रयोग सुरू झाले. संमोहित रुग्णाजवळ लोहचुंबक नेला की लुळेपणा शरीराच्या एका बाजूकडून दुसरीकडे सरकतो, असा दावा त्यांनी व सहकारी फेरे यांनी केला. बेल्जियमच्या देलबफ यांनी तो उधळून लावला. प्रयोगकर्त्यांची अपेक्षा रुग्णांना आधीच उमगत होती. चुंबकाचा त्यात काही वाटा नव्हता. बिने यांना चारचौघांत चूक कबूल करावी लागली.

ही मानहानी त्यांच्या पुढील सर्व कामाच्या मुळाशी आहे, असे मला वाटते. सॉर्बोनच्या प्रयोगशाळेचे संचालक झाल्यावर त्यांनी शाळकरी मुलांची डोकी मोजली. हुशार आणि मागे पडलेल्या मुलांतील फरक निघाला अगदी नगण्य. आणि तोही कदाचित आपल्याच मनातील अपेक्षेने मापात शिरला असेल, अशी शंका त्यांनी स्वतःच छापून जाहीर केली. घरी मादलेन आणि आलिस या लेकींचे निरीक्षण चालूच होते. एकाच छपराखाली वाढलेल्या दोघींची विचार करण्याची रीत मात्र निराळी. १९०३ च्या ग्रंथात त्यांनी मुलींची नावे बदलून हे सारे मांडले.

फ्रान्समध्ये १८८२ पासून शिक्षण सक्तीचे झाले होते. वर्गात मागे राहणाऱ्या मुलांसाठी वेगळे वर्ग काढावेत काय, यासाठी १९०४ मध्ये सरकारने समिती नेमली. बिने तिचे सदस्य होते. पण अशी मुले निवडायची कशी? एकाच मुलाविषयी दोन डॉक्टर दोन निदाने करीत. मास्तरांच्या नावडीपायी एखाद्याचे आयुष्य वाकड्या वाटेला लागण्याची भीती होतीच. १९०५ मध्ये बिने यांनी तेओदोर सिमों या तरुण डॉक्टरांसह तीस प्रश्नांची श्रेणी तयार केली. जळत्या काडीमागे नजर फिरते का, चॉकलेट आणि लाकडाचा तुकडा यांतील फरक कळतो का, ऐकलेले अंक पुन्हा म्हणता येतात का, वजने क्रमाने लावता येतात का, असे चढते टप्पे तिच्यात होते. १९०८ मध्ये प्रश्न वयानुसार मांडले गेले.

ही पातळी त्या दिवसापुरती आहे, जन्माची नव्हे, यावर बिने ठाम होते. बुद्धी वाढूच शकत नाही म्हणणाऱ्यांवर ते चिडत. विशेष वर्गांतील मुलांना ते पुतळ्यासारखे निश्चल उभे राहण्याचा खेळ देत. पुस्तकाआधी लक्ष देणे शिकवावे, हा त्यामागचा हेतू. (याच गृहस्थांनी रंगभूमीसाठी अंगावर काटा आणणारी भयनाट्येही लिहिली!)

१८ ऑक्टोबर १९११ रोजी, वयाच्या ५४ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी जर्मनीच्या श्टेर्न यांनी मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागले. १९१६ मध्ये अमेरिकेत टर्मन यांनी त्या भागाकाराला शंभराने गुणून तो रूढ केला. गॉडर्ड यांच्या हाती तर हीच चाचणी एलिस बेटावर उतरणाऱ्या स्थलांतरितांना मंदबुद्धी ठरविण्याचे साधन बनली.

आपल्या सीमाभागाशीही या चाचणीचा धागा आहे. धारवाडच्या वामन वासुदेव कामत यांनी ती मराठी आणि कन्नड मुलांसाठी नव्याने बेतली. त्यांचा ग्रंथ १९४० मध्ये निघाला. पॅरिसमधील मुलांसाठी रचलेले प्रश्न इकडच्या मुलांना जसेच्या तसे विचारून भागणार नव्हते.