बाविसाव्या वर्षी ‘उशीर’ झालेली विद्यार्थिनी

मैत्रिणींनो, बावीस हे काही उशिराचं वय नव्हे, असं तुम्ही म्हणाल. आजच्या हिशेबानं नाहीच. आज बाविसाव्या वर्षी आपली लेक परीक्षेचा अभ्यास करत बसलेली असते आणि आपण तिला रात्री चहा करून देतो. पण १९१८ सालचा हिशेब वेगळा होता. तेव्हा बाविसाव्या वर्षी बाईच्या पदरात तीन-चार लेकरं असायची. आणि ती विधवा असेल तर तिचं सगळं आयुष्य उरकलं, असं घरानं आणि गावानं केव्हाच ठरवून टाकलेलं असायचं. अशा काळात बाविसाव्या वर्षी एक बाई नागपूरच्या डफरिन हॉस्पिटलात नर्सिंग शिकायला दाखल झाली. त्या कमलाताई होस्पेट.

आमच्या महालात हे नाव माहीत नसलेलं जुनं घर सापडायचं नाही. कमलाताईंच्या मातृ सेवा संघाची सुरुवात सीताबर्डीची, पण संघाचं प्रसूतिगृह महालातही उभं राहिलं, आणि गांधी गेट ते बडकस चौक या गल्ल्यांमधली कितीतरी माणसं तिथं जन्मली. माझ्या सासूबाईंची तिन्ही बाळंतपणं तिथलीच. इथल्या बाया हॉस्पिटलचं पूर्ण नावही घेत नाहीत. ‘संघात’ नेलं, ‘संघात’ झाली, एवढं बोललं की पुरे. (महालात ‘संघ’ म्हटलं की बाहेरच्यांना दुसरंच काही आठवतं, पण बाळंतिणीच्या बाबतीत आमचा घोटाळा होत नाही!) मात्र ज्या बाईमुळे हे झालं तिचं आयुष्य कसं गेलं, हे सांगणारी माणसं आता कमी होत चालली आहेत. म्हणून आज त्यांच्याविषयी.

कमलाताईंचा जन्म २३ मे १८९६ चा, खानदेशातल्या शिरपूरचा. वडील कृष्णाजी तात्या, आई राधाबाई. गंमत बघा, त्याच १८९६ साली पुण्यात महर्षी कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला. पण तान्ह्या मुलीच्या आईबापांना पुढचं काय ठाऊक असणार? रीतीप्रमाणे बाराव्या वर्षी मुलीचं लग्न झालं. नवऱ्याचं नाव गुरुराव होस्पेट. तीन वर्षांत गुरुराव वारले. पंधरा वर्षांची मुलगी माहेरी परत आली.

त्या काळी घरात विधवा लेक परत आली म्हणजे काय व्हायचं, हे आपल्या आज्या-पणज्यांकडून आपण ऐकलेलं आहे. स्वयंपाकघराचा कोपरा, दुसऱ्यांची बाळंतपणं, दुसऱ्यांची आजारपणं, लग्नकार्यात मागं-मागं राहणं. विधवाविवाहाचा कायदा १८५६ सालीच झाला होता, पण तो कागदावर. मुलीचं लग्नाचं वय चौदा करणारा शारदा कायदा तर १९२९ साली आला. कमलाताईंच्या आईबापांनी मात्र लेकीला कोपऱ्यात बसवलं नाही, तिला शिकू दिलं. हे वाक्य लिहायला सोपं आहे. ज्या घरात हे घडलं त्या घराला शेजाऱ्यापाजाऱ्यांनी काय काय ऐकवलं असेल, ते छोट्या गावात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना सांगायला नको.

आता नर्सिंगच का? मास्तरीण होणं त्या मानानं सोपं होतं. विधवांनी शिकून शाळेत शिकवावं, एवढं तरी सुधारकांच्या घरांत पचत होतं. नर्सचं काम कुणाला पचत नव्हतं. कुणाही जातीच्या माणसाला हात लावायचा, रक्त पुसायचं, मलमूत्राची भांडी उचलायची, रात्री परक्या ठिकाणी ड्युटी करायची. बाळंतपण तर साऱ्या विटाळांतला मोठा विटाळ. त्यामुळे हॉस्पिटलात नर्सचं काम करणाऱ्या बहुतेक बाया ख्रिस्ती असत. पांढरपेशा हिंदू घरातली विधवा त्या कामाला जाते म्हणजे तिनं घराण्याचं नाक कापलं, असाच बहुतेकांचा समज. पुण्यात रमाबाई रानड्यांच्या सेवासदननं मोठ्या वयाच्या बायकांना, विधवांना नर्सिंगकडे वळवायला सुरुवात केली, तेव्हा त्यांनाही हाच अनुभव आला होता.

डफरिन हॉस्पिटलं निघाली तीही याच अडचणीतून. पुरुष डॉक्टरांपुढे आपल्या बायका यायच्या नाहीत, म्हणून १८८५ साली व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरिन यांनी निधी उभारला आणि देशभर बायकांची हॉस्पिटलं निघू लागली. नागपूरच्या अशाच हॉस्पिटलात कमलाताईंनी १९१८ ते १९२० नर्सिंगचा अभ्यासक्रम पुरा केला. १९१८ म्हणजे मानमोडीचं साल. इन्फ्लुएन्झाच्या त्या साथीत मध्य प्रांत-वऱ्हाडात घरंच्या घरं ओस पडली होती. नर्सच्या कामाला नाक मुरडणाऱ्यांनाही त्या वर्षी शिकलेल्या हातांची किंमत कळली असेल.

त्या काळची बाळंतपणं कशी व्हायची तेही सांगते, म्हणजे पुढचं काम ध्यानात येईल. घरातली सगळ्यात अंधारी खोली बाळंतिणीची. महालातल्या जुन्या वाड्यांत अशा खोल्या मी पाहिल्या आहेत, एकही खिडकी नाही. वारा लागू नये म्हणून दाराच्या फटीसुद्धा चिंध्यांनी बुजवायच्या. आत शेगडीचा धूर. अंथरायला टाकाऊ गोधडी, कारण विटाळाची म्हणून ती पुढं फेकूनच द्यायची. सुईण अनुभवी असायची, तिच्या हाताला गुण असायचा, पण हात धुवायचे हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. नाळ कापायची ती विळ्यानं. मग पाचव्या-सातव्या दिवशी बाळ दूध ओढेनासं व्हायचं, अंग ताठ करायचं आणि जायचं. सटवी लागली, असं घरातले म्हणायचे. तो धनुर्वात असायचा, न उकळलेल्या विळ्यातून आलेला. आईला ताप भरायचा तोही तसाच, मळक्या हातांतून. त्यावर तेव्हा औषध नव्हतं. पेनिसिलीन हाती यायला १९४० नंतरची वर्षं उजाडली. उकळलेलं पाणी, साबण, स्वच्छ फडकं आणि उकळलेली कात्री, एवढंच काय ते औषध. आणि ते रोज, न चुकता वापरायला शिकलेली बाई.

पण अशी बाई जिथं होती त्या हॉस्पिटलात जायला घरं तयार नसत. खरी गाठ इथंच होती. सासूला वाटायचं, तिथं परक्या बाया, परका धर्म, कोण कुठलं पाणी देईल, सुनेला एकटं कसं टाकायचं?

कमलाताई आणि त्यांच्या सोबतीण वेणूताई नेने यांनी १९२१ साली मातृ सेवा संघ सुरू केला तो या गाठीपाशीच. आदल्याच वर्षी, डिसेंबरात, नागपूरला काँग्रेसचं अधिवेशन होऊन गेलं होतं. सगळीकडे स्वदेशीचं, आपल्या माणसांनी आपलं काम उभं करण्याचं वारं होतं. या दोघींनी सीताबर्डीला प्रसूतिगृह काढलं. खाटा किती? चार. तेव्हा कमलाताई पंचवीस वर्षांच्या होत्या.

मला या चार खाटांचं फार अप्रूप वाटतं. आज आपण मोठमोठ्या इमारतींच्या उद्घाटनाचे फोटो पाहतो. चार खाटा म्हणजे साध्या घरातल्या दोन खोल्या! पण त्या खाटांशेजारी उभी असलेली बाई मराठी बोलणारी होती, आपल्यासारखंच लुगडं नेसणारी, घरातल्या चालीरीती जाणणारी. स्वतः सासर बघितलेली आणि दुःखही बघितलेली. सासूला तिच्याशी दोन शब्द बोलता येत. मला वाटतं, उशिरा शिकायला आल्याचा फायदा तो हाच. सोळा-सतरा वर्षांची मुलगी परीक्षेत पहिली आली असती, पण तिच्या भरवशावर सुनेला सोडून घरी जायला कोण सासू तयार झाली असती?

हे मी नुसतं पुस्तकी लिहीत नाही. मी स्वतः तेहतिसाव्या वर्षी एएनएमच्या वर्गात बसले. धाकटा तेव्हा दुसरीत होता. वर्गातल्या अठरा वर्षांच्या पोट्टी मला काकू म्हणायच्या. शरीररचनेची नावं त्यांना दोन दिवसांत पाठ व्हायची, मला आठवडा लागायचा. या वयात हे काय खूळ, असं नात्यातल्यांनी विचारून झालं होतंच. पण प्रसूतिकक्षात पहिली ड्युटी लागली तेव्हा कळांनी तळमळणाऱ्या बाईनं बाकी साऱ्या पोरींमधून नेमका माझा हात धरला. माझ्या हातात कला नव्हती, नुकतीच तर शिकत होते. पण चेहऱ्यावरून तिला कळलं असावं की ही यातून गेलेली आहे.

आणि उशिरा सुरुवात करणाऱ्या काही आपल्याकडेच झाल्या असं नाही. फ्लोरेन्स नाइटिंगेल जर्मनीतल्या कैसर्सवर्थला रीतसर शिकायला गेली १८५१ साली, तेव्हा ती एकतीस वर्षांची होती. घरचे श्रीमंत, आणि त्यांचा विरोध आपल्याकडच्यासारखाच. तिथं ती राहिली जेमतेम तीन महिने. पुढचं जगाला माहीत आहे.

कमलाताईंच्या चार खाटांचंही पुढं वाढत गेलं. नागपूर शहरात आणि विदर्भातल्या गावोगावी संघाच्या शाखा निघाल्या. ज्या गावांत शिकलेली सुईण औषधालाही मिळत नव्हती तिथं प्रसूतिगृहं झाली. बाळंतपणापासून सुरू झालेलं काम तेवढ्यावर थांबलं नाही. मतिमंद मुलांसाठी ‘नंदनवन’ झालं, म्हाताऱ्या माणसांसाठी ‘पंचवटी’ झालं, १९५८ साली समाजकार्याचं शिक्षण देणारी संस्थाही निघाली. पंधराव्या वर्षी जिचा संसार संपला तिनं पाळण्यापासून काठीपर्यंत सगळ्या वयांच्या माणसांचा संसार मांडला. सरकारनं १९६१ साली त्यांना पद्मश्री दिली. १५ नोव्हेंबर १९८१ रोजी, पंच्याऐंशीव्या वर्षी त्या गेल्या.

वेणूताई नेन्यांचं नाव मात्र लोक पटकन घेत नाहीत, याचं मला वाईट वाटतं. चार खाटांच्या प्रसूतिगृहात दिवसाला एक आणि रात्रीला एक बाई तरी लागतेच. दोघी होत्या म्हणून ते चाललं.

परवा बुधवार बाजारात एक ओळखीची बाई भेटली. वय चौतीस, बारावी झालेली, दोन मुली. नवरा दोन वर्षांपूर्वी गेला. मी एएनएम केलं हे तिला कुणीतरी सांगितलेलं. भाजीची पिशवी खाली ठेवून तिनं विचारलं, आता मला घेतील का? मी तिला जे सांगितलं ते तुम्हालाही सांगते. एएनएमचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, बारावी कुठल्याही शाखेची चालते, वयाची अट पस्तीसपर्यंत. जीएनएम तीन वर्षांचा, त्यालाही वयाची मर्यादा पस्तीसचीच, पण आधी एएनएम झालेल्या बाईला ती आड येत नाही. कॉलेज निवडताना त्याला नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे ना, हे पैसे भरायच्या आधी बघायचं. बारावीची मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, लग्नानंतर नाव बदललं असेल तर त्याचा कागद, हे सगळं आधीच जमवून ठेवायचं, कारण तिथंच महिना जातो. तिचा दाखला तिच्या माहेरच्या शाळेत आहे, भंडाऱ्याकडे. येत्या सोमवारी ती तो आणायला जाणार आहे, आणि मुलींना त्या दिवशी माझ्याकडे सोडणार आहे.