सात वर्षांच्या राजाचे म्युझियम

मुलांनो, तुमच्यापैकी कोणी स्टॅम्प जमवतो, कोणी नाणी. परदेशात काही हौशी लोक जुन्या लाकडी दांड्याच्या गोल्फ स्टिकासुद्धा जमवतात. पण पुण्यात एका माणसाने चक्क आजीचे स्वयंपाकघर जमवले! त्यांचे नाव दिनकर गंगाधर केळकर.

केळकरांचा जन्म १० जानेवारी १८९६ चा. घरचा धंदा चष्म्यांचा. ते 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत. इतिहासाचे वेड होतेच. १९२० च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू गोळा करायला सुरुवात केली. तलवारी, ढाली तर सगळेच जपतात. केळकरांची नजर गेली ती अडकित्ते, समया, पानाचे डबे, दौती, किसण्या, सोंगट्या आणि पाय घासायच्या पितळी वज्रींकडे. साध्या वज्रीलाही कारागिराने मोराचा नाहीतर हत्तीचा आकार दिलेला असे. ज्याने ती घडवली त्याचे नाव कुठेच नाही. पण हात मात्र त्या वस्तूत राहिला आहे.

यासाठी केळकर गावोगाव हिंडले, पदरचे पैसे घातले. पत्नी कमलाबाईंनी त्यांना मनापासून साथ दिली. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेषही त्यांनी आणले आणि तो महाल म्युझियममध्ये पुन्हा उभा केला.

त्यांचा मुलगा राजा सातव्या वर्षीच वारला. आईवडिलांवर आभाळ कोसळले. पण केळकरांनी आपला सारा संग्रह राजाच्या नावाने उभा केला. आणि १९७५ मध्ये तो सगळाच्या सगळा महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला! त्यांना पद्मश्री मिळाली. १९९० मध्ये ते गेले. आज तिथे वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत. जागेअभावी थोड्याच मांडता येतात.

आम्ही कॉम्प्युटरवाले प्रत्येक फाइलची कॉपी ठेवतो. पण कुवेतला येताना घर आवरले, तेव्हा आजीचा तांब्याचा बंब आम्ही मोडीत घातला. त्याची कॉपी कुठून आणणार? आज त्याचा साधा फोटोही आमच्याजवळ नाही.

आपल्या जाब्रियातले तारेक रजब म्युझियम पाहिलेत ना? १९९० च्या आक्रमणात त्याच्या तळघराची वाट भिंत घालून बुजवली, म्हणून तो ठेवा वाचला. वस्तू आपोआप टिकत नाहीत. कोणीतरी त्या टिकवाव्या लागतात.

तेव्हा सुट्टीत पुण्याला गेलात की बाजीराव रोडजवळचे राजा दिनकर केळकर संग्रहालय जरूर पाहा. आणि आजीच्या घरातली एक जुनी वस्तू निवडा. तिचे नाव काय, ती कोणी वापरली, कशासाठी, हे आजीला विचारून वहीत लिहून आणा. पालकांनो, माळा आवरण्यापूर्वी मुलांना एकदा वर नक्की चढू द्या!