छंदातून पाचारणाकडे : दादासाहेब फाळके यांची जीवनवाट

शाळा-कॉलेजांचे निकाल लागले की आईवडील मुलांना घेऊन धर्मगुरूंच्या भेटीला येतात. मुलाला गुण चांगले मिळालेले असतात, परंतु त्याचे चित्त चित्रकलेत गुंतलेले असते. मुलगी अभ्यासात हुशार असते, पण नाटकाचे नाव काढताच तिचा चेहरा खुलतो. या नादाचे पुढे काय करायचे, ही पालकांची चिंता असते. मुळशी तालुक्यात हा प्रश्न आता अधिकच जाणवतो. भातखाचरांचा आणि धरणाच्या पाण्याचा हा मुलूख आज हिंजवडीच्या माहिती तंत्रज्ञान नगरीमुळे आणि पिरंगुटच्या कारखान्यांमुळे ओळखला जातो. उत्तम पगाराच्या नोकऱ्या येथे आहेत. पण चाळिशी गाठलेली काही माणसे खासगीत वेगळाच प्रश्न विचारतात : परमेश्वराने मला यासाठीच घडवले होते का?

मुळशीच्या उत्तरेला लागून मावळ तालुका आहे. मावळातील लोणावळ्याच्या परिसरात सुमारे एकशे वीस वर्षांपूर्वी पस्तिशीतला एक माणूस रंगीत चित्रांच्या छपाईचे काम करीत होता. तोवर त्याने अनेक व्यवसाय करून पाहिले होते आणि एकातही तो फार काळ टिकला नव्हता. आप्तेष्टांच्या दृष्टीने तो गुणी, पण अस्थिर होता. त्याचे नाव धुंडिराज गोविंद फाळके. पुढे सारा देश त्यांना दादासाहेब फाळके या नावाने ओळखू लागला. बालपणीच्या आवडीतून जीवनाचे प्रयोजन कसे गवसते आणि त्यासाठी किती किंमत मोजावी लागते, याचे उत्तर त्यांच्या जीवनात सापडते.

धुंडिराज यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळील त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील गोविंद सदाशिव ऊर्फ दाजीशास्त्री हे संस्कृतचे व्यासंगी पंडित होते. शास्त्र्याच्या घरातील मुलाने पाठांतर करावे, विद्या संपादन करावी आणि वडिलांची परंपरा चालवावी, ही त्या काळची रीत होती. धुंडिराज यांना पुराणकथांची गोडी लागली, पण त्यांचा ओढा चित्रे काढणे, सोंगे घेणे, नाटक करणे आणि हातचलाखीचे खेळ करणे यांकडे होता. वडिलांना मुंबईत संस्कृत शिकवण्याची नोकरी मिळाली आणि कुटुंब तेथे आले. धाकट्या मुलाचा कल पाहून घरच्यांनी त्याला १८८५ साली सर जे. जे. कलाशाळेत घातले. शास्त्र्याच्या घराने घेतलेला हा निर्णय त्या काळी लहान नव्हता. मुलाची आवड त्यांनी मोडून काढली नाही, हे त्या कुटुंबाचे आपल्यावरचे ऋणच म्हटले पाहिजे.

पुढे थोरल्या बंधूंसोबत ते बडोद्यास गेले आणि तेथील कलाभवनात दाखल झाले. तेथे त्यांनी तैलचित्रे व जलरंगातील चित्रे, मूर्तिकाम आणि वास्तुकला यांचे शिक्षण घेतले. छायाचित्रणाचे वेडही तेथेच लागले. १८९२ साली अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात त्यांनी एका आदर्श नाट्यगृहाची प्रतिकृती मांडली व सुवर्णपदक मिळवले. ठसे तयार करणे आणि छपाईची निरनिराळी तंत्रे यांतही त्यांनी गती मिळवली. जे दिसेल ते शिकावे, स्वतःच्या हाताने करून पाहावे, हा त्यांचा स्वभाव होता.

मात्र शिकलेल्या विद्येने पोट भरेना. त्यांनी गोध्र्याला छायाचित्रणाचा व्यवसाय मांडला. छायाचित्र काढल्याने माणसाची शक्ती क्षीण होते, अशी समजूत तेव्हा अनेकांच्या मनात होती. १९०० च्या सुमारास प्लेगच्या साथीने त्यांची पत्नी व मूल हिरावून नेले. तिशीच्या उंबरठ्यावर हा माणूस एकाकी झाला. या काळात त्यांनी एका परदेशी जादूगाराकडून जादूच्या खेळांतील बारकावे शिकून घेतले आणि स्वतःच्या आडनावाची अक्षरे उलटी करून ‘प्रोफेसर केल्फा’ या नावाने प्रयोगही केले. नाटकांच्या पडद्यांची रंगरंगोटी केली. १९०२ साली त्यांचा दुसरा विवाह झाला. करंदीकरांच्या घरातील ही गिरिजा सासरी सरस्वतीबाई झाली. त्यानंतर त्यांनी पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून नोकरी धरली. बंगालच्या फाळणीनंतर देशभर स्वदेशीचे वारे वाहू लागले, तेव्हा ती सरकारी नोकरीही त्यांनी सोडली आणि लोणावळ्यात छपाईचा उद्योग सुरू केला. राजा रविवर्मा यांच्या चित्रांमुळे नावाजलेल्या छापखान्याचे काम त्यांच्याकडे येई. देवादिकांची चित्रे त्या छपाईमुळे सामान्य माणसाच्या घरातील भिंतीवर पोहोचली होती. पुढे हा उद्योग मुंबईत दादरला हलला, भरभराटीस आला आणि नवी यंत्रे आणण्यासाठी फाळके १९०९ साली जर्मनीलाही जाऊन आले. पण भागीदारांशी मतभेद झाले आणि तेही काम त्यांनी सोडून दिले.

वयाची चाळिशी आली, हातात व्यवसाय नाही, घरात लहान मुले, अशी त्यांची अवस्था होती. चित्रकला, मूर्तिकाम, छायाचित्रण, जादू, नाट्य, रसायने, छपाई हे सारे त्यांना येत होते. मात्र या सर्वांचा मिळून उपयोग काय, हे त्यांना उमगले नव्हते.

१९१०-११ च्या सुमारास गिरगावातील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेस या तंबूवजा चित्रगृहात त्यांनी प्रभू येशूच्या जीवनावरील मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्ताचे जीवन एकामागून एक प्रसंगांतून उलगडत होते आणि फाळके यांच्या मनश्चक्षूंसमोर गोकुळ व अयोध्या उभी राहत होती. आपल्या देशातील लोकांना त्यांचे श्रीकृष्ण, त्यांचे राम असे सजीव रूपात कधी पाहायला मिळतील, या विचाराने त्यांना अस्वस्थ केले. त्यांनी पुन्हा तिकीट काढले आणि तोच पट परत पाहिला. मग सरस्वतीबाईंनाही सोबत नेऊन दाखवला. घरची स्थिती अशी होती की त्यासाठी शेजाऱ्यांकडून उसने पैसे घ्यावे लागले.

आपण ख्रिस्ती वाचकांनी या प्रसंगापाशी क्षणभर थांबावे. त्या चित्रपटाने फाळके यांचे धर्मांतर झाले नाही. ते स्वतःच्या श्रद्धेत आणि संस्कृतीत अधिक खोल उतरले. मात्र ख्रिस्ताचे जीवन पाहता पाहता त्यांना स्वतःच्या जीवनाचे प्रयोजन सापडले, ही इतिहासाची साक्ष आहे. बालपणापासून जपलेले सारे छंद त्या अंधाऱ्या तंबूत एका कामासाठी एकत्र आले. मूर्तिकाराची नजर, नटाचे अंग, जादूगाराची युक्ती, छायाचित्रकाराचा हात आणि पुराणकथांवर पोसलेले मन, या सगळ्यांची गरज भासेल असा एकच व्यवसाय होता आणि तो भारतात अद्याप जन्मालाच आला नव्हता.

त्यानंतर फाळके यांनी स्वतःला झोकून दिले. दिवसरात्र चित्रपट पाहणे, फितीचे तुकडे न्याहाळणे आणि पुस्तके वाचणे यांचा डोळ्यांवर असह्य ताण पडला आणि काही काळ त्यांची दृष्टी जवळजवळ गेली. डॉक्टरांच्या उपचारांनी ती परत आली. मग विम्याची पॉलिसी गहाण टाकून त्यांनी कर्ज काढले आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते लंडनला निघाले. तेथे ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाच्या संपादकांनी प्रथम त्यांना या धंद्यातील धोक्यांची जाणीव करून दिली, पण त्यांची तळमळ पाहून चित्रपट निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्याशी गाठ घालून दिली. हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम पाहून आणि विल्यमसन कॅमेऱ्याची मागणी नोंदवून दोनच महिन्यांत ते मायदेशी परतले.

भांडवलदारांचा विश्वास बसावा म्हणून त्यांनी केलेला एक प्रयोग मोठा बोलका आहे. कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरून त्यांनी समोर कॅमेरा ठेवला आणि महिन्याहून अधिक काळ त्या रोपाच्या वाढीची थोडी थोडी छायाचित्रे घेतली. पडद्यावर ती फीत जेमतेम मिनिटभर चालली, पण पाहणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बीजातून वेल वर आला. लहान मुलाचे कुतूहल आणि जाणत्या माणसाची चिकाटी या दोहोंचा तेथे संगम झाला होता.

‘राजा हरिश्चंद्र’ हा त्यांचा पहिला कथापट. तो तयार होण्यास सहा महिने आणि सत्तावीस दिवस लागले. दादरचे राहते घरच स्टुडिओ बनले. राणी तारामतीच्या भूमिकेसाठी एकही स्त्री तयार होईना, तेव्हा उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके या तरुणाला ती भूमिका देण्यात आली. रोहिदास झाला तो फाळके यांचाच मुलगा भालचंद्र. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन चित्रगृहात हा पट लोकांसाठी खुला झाला आणि भारतीय चित्रपटसृष्टीचा पाया घातला गेला.

या यशात सरस्वतीबाईंचा वाटा मोठा होता. त्यांनी आपले दागिने दिले. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक केला, कलाकारांचे कपडे धुतले, चित्रीकरणाच्या वेळी प्रकाश परावर्तित करण्यासाठी उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहिल्या. रात्री फितीला छिद्रे पाडण्याचे व ती धुण्याचे कामही त्या शिकल्या. एकाच्या स्वप्नाचा भार किती वेळा दुसऱ्याच्या खांद्यावर असतो, हे या घराकडे पाहिले की कळते. पतीच्या नावाचा आज सर्वत्र उल्लेख होतो, त्या माउलीचे नाव फारसे कोणी घेत नाही.

पुढील वाटचाल सर्वश्रुत आहे. नाशिकला स्थलांतर, ‘लंकादहन’चे अफाट यश, स्वतःच्या लहानग्या मुलीला, मंदाकिनीला, बाळकृष्णाच्या रूपात दाखवणारा ‘कालियामर्दन’, असे अनेक पट त्यांनी निर्माण केले. पण त्यांचा स्वभाव मानी आणि तडजोडीस नकार देणारा होता. १९१८ मध्ये भागीदारीत स्थापन झालेल्या हिंदुस्थान फिल्म्स कंपनीत खटके उडाले. ते काम सोडून ते काशीला गेले, तेथे त्यांनी नाटक लिहिले आणि काही काळाने पुन्हा चित्रपटाकडे परतले. बोलपटांचे युग आल्यावर त्यांची कला मागे पडली. १९३७ साली कोल्हापुरात तयार झालेला ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकमेव बोलपट आणि शेवटचा चित्रपट ठरला. उतारवय आर्थिक विवंचनेत आणि विस्मरणात गेले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात चित्रपट काढण्यासाठी सरकारी परवाना लागे. सत्तरी ओलांडलेल्या फाळके यांनी तो मागितला आणि तो नाकारण्यात आला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांची प्राणज्योत मालवली. त्यानंतर पंचवीस वर्षांनी, १९६९ मध्ये, भारत सरकारने त्यांच्या नावाने चित्रपट क्षेत्रातील सर्वोच्च पुरस्कार सुरू केला.

प्रिय पालकांनो, ‘पाचारण’ म्हटले की आपल्याला धर्मगुरूंचे किंवा व्रतस्थांचे जीवन आठवते. पण प्रत्येक बालकाच्या अंतःकरणात परमेश्वर काही आवड पेरतो, ती त्याच्या हाकेची पहिली चाहूल असू शकते. असू शकते, असेच म्हणतो, कारण प्रत्येक छंद पाचारण नसतो. फाळके यांच्या जीवनावरून ते ओळखण्याच्या काही खुणा दिसतात. अपयशानंतरही ती ओढ संपत नाही. ती केवळ स्वतःच्या सुखापुरती उरत नाही, आपल्या लोकांना काहीतरी देण्याची तळमळ तीत असते. आणि ती त्याग मागते, म्हणून घरच्यांना विश्वासात घेतल्याशिवाय त्या वाटेवर पाऊल टाकू नये. या मार्गाने संपत्ती मिळेलच, असे आश्वासन कोणी देऊ नये. फाळके यांना ती मिळाली नाही.

तेव्हा मुलाची चित्रकलेची वही फेकून देण्याची घाई करू नका. त्याच्यावर आजच कलावंत होण्याची सक्तीही करू नका. पोटापाण्याची विद्या त्याला जरूर द्या आणि आवडीलाही थोडी माती, थोडे पाणी मिळू द्या. आणि हिंजवडीच्या कचेऱ्यांत चाळिशीला पोहोचलेल्या बंधुभगिनींनो, आपले दिवस वाया गेले असे मानू नका. फाळके यांची सारी भटकंती त्या एका संध्याकाळी कामी आली. शुभवर्तमानातील तालान्तांच्या दाखल्यात धनी हिशेब मागण्यासाठी परत येतो. तोवर जमिनीत पुरून ठेवलेले धन उकरून काढण्यास अवधी आहे.