जॉन फॉन नॉयमन

जॉन फॉन नॉयमन (२८ डिसेंबर, १९०३:बुडापेस्ट, हंगेरी - ८ फेब्रुवारी, १९५७:वॉशिंग्टन, डी.सी., अमेरिका) हे हंगेरियन-अमेरिकन गणितज्ञ होते. पुंज यांत्रिकी, खेळ सिद्धांत आणि संगणकशास्त्र या क्षेत्रांत त्यांनी मूलभूत कार्य केले. बिघडणाऱ्या घटकांपासून विश्वासार्ह यंत्रणा उभारण्याचा गणिती पायाही त्यांनी घातला.

जीवन

फॉन नॉयमन यांचा जन्म एका ज्यू बँक-व्यावसायिकाच्या कुटुंबात झाला. १९२६ साली त्यांनी बुडापेस्ट विद्यापीठातून गणितात डॉक्टरेट मिळवली. त्याच वर्षी झुरिक येथे रासायनिक अभियांत्रिकीचे शिक्षणही पूर्ण केले. १९३० मध्ये ते प्रिन्स्टनला गेले व १९३३ पासून तेथील इन्स्टिट्यूट फॉर ॲडव्हान्स्ड स्टडी या संस्थेत प्राध्यापक होते. १९३७ साली त्यांनी अमेरिकेचे नागरिकत्व घेतले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अणुबाँब प्रकल्पात त्यांचा सहभाग होता.

सदोष घटक आणि विश्वासार्हता

एनिॲक या संगणकात सुमारे १८,००० निर्वात नलिका होत्या. त्यांपैकी एक निकामी झाली तरी गणित चुकण्याचा संभव असे. याउलट, मेंदूतील काही पेशी नष्ट झाल्या तरी त्याचे कार्य सहसा थांबत नाही. हा फरक फॉन नॉयमन यांना महत्त्वाचा वाटला. जानेवारी १९५२ मध्ये कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे दिलेल्या व्याख्यानांत त्यांनी या प्रश्नाची गणिती मांडणी केली. ती १९५६ साली प्रसिद्ध झाली.

एकच काम अनेक घटकांकडे सोपवून बहुमताचे उत्तर स्वीकारावे, हे तिचे एक मुख्य सूत्र होते. उदाहरणार्थ, प्रत्येक घटक १०० पैकी एकदा चुकत असेल आणि या चुका परस्परांवर अवलंबून नसतील, तर तिघांचे बहुमत १०,००० पैकी सुमारे ३ वेळाच चुकते. मात्र बहुमत मोजणारा घटकही सदोष असू शकतो, हे गृहीत धरून त्यांनी तारांच्या जुड्यांची रचना सुचवली. घटकांच्या चुकीचे प्रमाण ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यास हा उपाय निरुपयोगी ठरतो, हेही त्यांनी दाखवले.

मृत्यू

१९५५ साली त्यांना कर्करोगाचे निदान झाले. येल विद्यापीठासाठी तयार होत असलेली संगणक व मेंदू यांविषयीची व्याख्याने अपूर्ण राहिली. ती १९५८ मध्ये पुस्तकरूपाने प्रकाशित झाली.

वारसा

वितरित डेटाबेसमध्ये माहितीच्या प्रती अनेक संगणकांवर, म्हणजे नोडवर, ठेवल्या जातात. अनेक प्रणालींत बहुसंख्य प्रतींची संमती मिळाल्यावरच नोंद पक्की मानली जाते. तीनपैकी एक नोड कायमचा बंद पडल्यास उरलेले दोन काम चालू ठेवतात. नवा नोड जोडून त्यावर त्यांच्याकडील माहिती उतरवली जाते. हे काम पुरे होण्याआधी दुसरा नोडही बंद पडला, तर बहुमत उरत नाही. फॉन नॉयमन यांनी क्षणिक चुकांचा विचार केला होता, कायमच्या बिघाडाचा नव्हे. तथापि अतिरिक्त घटक आणि बहुमत ही तत्त्वे दोन्हीकडे समान आहेत.